दादर टी.टी.पर्यंत

दादर पूर्वेला उतरून टॅक्सीवाल्याला "टी.टी." म्हटलं की तो पुढचं काही विचारत नाही. खोदादाद सर्कल हे चौकाचं कागदावरचं नाव, पण तोंडात बसलंय ते टी.टी. त्या दोन अक्षरांचा अर्थ मात्र निम्म्या मुंबईकरांना सांगता येत नाही. टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. त्या टर्मिनसवरची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४च्या रात्री आली. नंतर रूळ गेले, तारा गेल्या, खांब गेले आणि नाव राहिलं. मुंबईच्या ट्रामबद्दल मराठीत जे लिहिलं-बोललं जातं ते बरंचसं या रात्रीबद्दल असतं: हळहळ, खिडकीतून दिसणारा समुद्र, कंडक्टरची घंटा. मला या गोष्टीतला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. रूळ कोणी टाकले, कोणाच्या पैशानं टाकले, तिकीट किती ठेवलं आणि त्या तिकिटात कोण बसू शकत होतं? नव्वद वर्षांत मुंबई कुठे वाढली आणि कुठे नाही, याची बरीच उत्तरं या प्रश्नांत आहेत.

आगगाडी आणि ट्राम या दोन्ही रुळांवरच्या गाड्या, पण शहराशी त्यांचं नातं अगदी वेगळं. आगगाडी स्वतःची जमीन घेऊन येते आणि गावाच्या कडेला थांबते. हिंगोलीला पूर्णेहून रेल्वे आली तेव्हा स्टेशन आणि बाजार यांच्यामधलं अंतर टांग्यावाल्यांच्या पोटापाण्याचं साधन झालं. मराठवाड्यातल्या बहुतेक गावांची हीच कथा. नाशिकला स्टेशन गावापासून इतकं लांब पडलं की १८८९ साली नाशिक रोड ते जुनी नगरपालिका अशी घोड्यांची ट्राम सुरू करावी लागली, आणि ती १९३०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली. ट्राम स्वतःची जमीन आणत नाही. जिथे बैलगाडी चालते, भाजीवाली बसते, मिरवणूक निघते, त्याच रस्त्यात ती लोखंडाच्या दोन पट्ट्या रोवते. त्यामुळे ट्राम टाकणं ही नुसती वाहतुकीची योजना राहत नाही. सगळ्यांच्या रस्त्याचा एक तुकडा एका कंपनीला कोणत्या अटींवर द्यायचा, हा करार होतो.

मुंबईत या कराराची पहिली बोलणी १८६५ साली झाली. ती वेळ विलक्षण होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र बुजवण्याच्या कंपन्या, बँका, नुसत्या कागदावरच्या कंपन्या, सगळ्यांचे शेअर आकाशाला भिडले. सर बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत किल्ल्याचे तट पाडले गेले होते आणि शहर मोकळा श्वास घेऊ पाहत होतं. एका अमेरिकन कंपनीनं ट्रामचा परवानाही मिळवला. पण त्याच वर्षी युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि शेअरबाजारासोबत ट्रामही बुडाली. १८६४च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली होती. १८७२च्या जनगणनेत ती ६,४४,४०५ होती. आठ वर्षांत पावणेदोन लाख माणसं कमी झाली. एवढं मोठं शहर असं आकसतं, हे आज पटणारसुद्धा नाही.

म्हणजे १८७३ साली बॉम्बे ट्रामवे कंपनी स्थापन झाली तेव्हा शहर वाढत होतं म्हणून ट्राम आली, असं सरळ म्हणता येत नाही. मार खाऊन पुन्हा उभ्या राहणाऱ्या शहरात ती आली. कंपनी स्टर्न्स अँड किट्रेज या पेढीची. नगरपालिकेशी करार झाला, १८७४ साली मुंबई सरकारनं ट्रामवे कायदा केला आणि ९ मे १८७४ रोजी घोड्यांची पहिली ट्राम निघाली. मार्ग दोन होते. एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला. कंपनीच्या तबेल्यात सुरुवातीला नऊशे घोडे होते म्हणतात.

हे दोन मार्ग नकाशावर पाहिले की कंपनीचं गणित कळतं. दक्षिणेला गोऱ्यांचा कोट आणि कचेऱ्या, उत्तरेला देशी व्यापाराची गच्च वस्ती, आणि दोहोंना जोडणारी दोरी. नवीन वस्ती उभी करण्याचा यात विचारच नव्हता. जिथे माणसं आधीच दाटीवाटीनं राहत होती आणि ज्यांच्या खिशात पैसे होते, तिथेच रूळ गेले. तोपर्यंत पैसेवाल्यांसाठी पालखी, शिग्राम, बग्गी होती, मधल्यांसाठी रेकला, आणि बाकीच्यांसाठी पाय. ट्रामनं मधल्यांना उचललं. पायांवर चालणाऱ्यांना नाही.

कारण तिकीट. सुरुवातीला दर तीन आणे होता आणि हातात तिकीटही देत नसत. पैसे घ्यायचे आणि बसवायचं. आज तीन आणे म्हणजे गंमत वाटते, म्हणून हिशोब करून पाहू. जाऊन-येऊन सहा आणे. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर १५६ आणे, म्हणजे नऊ रुपये बारा आणे. त्या काळी गिरणीतल्या साध्या मजुराची महिन्याची कमाई दहा-पंधरा रुपयांच्या आसपास होती. म्हणजे रोज ट्रामनं कामावर जाणारा माणूस उरलेल्या पैशात जेमतेम जगला असता. लवकरच दर दोन आण्यांवर आला, आणि फुकट्या प्रवाशांना आळा घालायला त्याच वर्षी तिकिटं छापली गेली. दोन आण्यांनीही महिन्याचे साडेसहा रुपये होतात. कारकुनाला, दलालाला, दुकानदाराला ते परवडलं. गिरणगावाला नाही.

मुंबईच्या भूगोलात ही गोष्ट पुढे पन्नास वर्षं दिसत राहिली. गिरण्या ताडदेव, भायखळा, परळ, लालबाग अशा उत्तरेकडे सरकत गेल्या, आणि कामगार बहुतांशी गिरणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर चाळींत कोंबले गेले. याची कारणं बरीच होती. पाळी पहाटे सुरू व्हायची. मुकादमाच्या नजरेसमोर राहणं गरजेचं होतं. उधारी देणारा वाणी आणि खानावळ गल्लीतच होती, आणि गावकीची माणसंही शेजारी. पण तिकिटाचा दर हेही एक कारण होतं, आणि त्याचा उल्लेख फारसा होत नाही. ज्याला प्रवास परवडत नाही त्याला जागा निवडता येत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीनं झोपणारी माणसं ही घरांच्या टंचाईची गोष्ट आहे, तशीच प्रवासाच्या किमतीचीही आहे.

१८९६च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग निघाला आणि ही दाटी सरकारच्या डोळ्यांसमोर आली. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गच्च वस्त्यांतून रुंद रस्ते काढायचे, म्हणजे वारा खेळेल, आणि उत्तरेला नवीन वसाहती आखायच्या, अशी त्याची दुहेरी कल्पना. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड त्यातूनच निघाले. रस्ते देखणे झाले, पण ते काढताना जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधून झाल्या नाहीत. घरातून निघालेली माणसं शेजारच्याच चाळींत घुसली आणि तिथली दाटी वाढली. सँडहर्स्ट रोडवर पुढे ट्रामही धावली. रुंद रस्ता आणि रूळ यांची जोडी तेव्हापासून जमली: रुळासाठी रुंदी हवी आणि रुंदीसाठी कोणाचं तरी घर.

इथे कराराकडे परत वळावं लागतं, कारण पुढचा सगळा खेळ एका कलमावर झाला. १८७४च्या व्यवस्थेत नगरपालिकेला ट्रामवे विकत घेण्याचा हक्क राखलेला होता आणि तो १९०१ साली बजावता येणार होता. १८९९ साली कंपनीनं विजेवर ट्राम चालवण्याची परवानगी मागितली. खर्च मोठा आहे, तेव्हा पालिकेनं विकत घेण्याचा हक्क सोडावा, असं कंपनीचं म्हणणं. मागणी व्यापारी दृष्टीनं चूक नव्हती. दोन वर्षांनी हातातून जाणाऱ्या मालमत्तेत कोण पैसे घालेल? पण त्यासाठी शहरानं आपला एकमेव हुकमी पत्ता टाकून द्यायचा होता. पालिकेनं तो टाकला नाही, उलट कंपनीच ताब्यात घ्यायचं ठरवलं. मग कायद्याच्या अडचणी निघाल्या आणि वर्षं गेली. १९०४ साली ब्रिटिश इलेक्ट्रिक ट्रॅक्शन कंपनीनं वीजपुरवठ्याच्या परवान्यासाठी अर्ज केला; तिच्या वतीनं ब्रश इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग कंपनी काम पाहत होती. ३१ जुलै १९०५ रोजी करार होऊन बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, म्हणजे 'बेस्ट', जन्माला आली. जुन्या कंपनीची मालमत्ता तिनं ९८ लाख ५० हजार रुपयांना घेतली. शहरात वीज पुरवण्याचा आणि विजेची ट्राम चालवण्याचा मक्ता दोन्ही तिच्याकडे आले.

मालकी शहराकडे यायला पुढे ७ ऑगस्ट १९४७ उजाडावा लागला. स्वातंत्र्याला आठ दिवस उरले होते. १९०१ ते १९४७ या सेहेचाळीस वर्षांत मुंबईचा ट्राम-नकाशा कंपनीनं नफ्यातोट्याच्या हिशोबानं आखला. मला हे त्या काळातलं सर्वांत महागात पडलेलं अपयश वाटतं. ना एखादा पूल पडला, ना मोर्चा निघाला, त्यामुळे ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

विजेची पहिली ट्राम ७ मे १९०७ रोजी महापालिकेच्या इमारतीपासून क्रॉफर्ड मार्केटकडे गेली. घोडे निवृत्त झाले. रस्त्यावरच्या लिदीचा आणि तबेल्यांच्या वासाचा प्रश्न एका फटक्यात सुटला, हा फायदा आज कोणाच्या ध्यानात येत नाही. त्याच वर्षी वाडीबंदरला कंपनीचं वाफेवर चालणारं वीजकेंद्र सुरू झालं. एकाच कंपनीकडे ट्राम आणि वीज असण्याचा परिणाम मोठा होता. ट्रामसाठी वीज लागतेच, मग उरलेली वीज दुकानांना, घरांना, रस्त्यांवरच्या दिव्यांना विकायची. मुंबईला आपल्या वाहतूक संस्थेकडूनच घरच्या विजेचं बिल येतं, याचं बाहेरगावच्या माणसाला नवल वाटतं. त्याचं मूळ १९०५च्या त्या करारात आहे.

विजेच्या ट्रामचा वेग घोड्यापेक्षा जास्त, चढाला दमायचा प्रश्न नाही, डब्यात माणसं जास्त. मार्ग लांबवणं आता परवडू लागलं आणि ट्राम परळवरून दादरला, पुढे किंग्ज सर्कलपर्यंत पोचली. ट्रामची शहरावरची खरी छाप इथे आहे. १८७४चे रूळ वस्तीच्या मागे गेले होते. दादर-माटुंग्याला वस्ती रुळाच्या मागे आली. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं तिथे शेतं, वाड्या आणि खाजण घेऊन आखीव भूखंड पाडले होते, पण आखलेल्या भूखंडावर कोणी राहायला यायचं तर फोर्टातल्या कचेरीत वेळेवर पोचण्याची खात्री हवी. लोकल गाडी होतीच, पण स्टेशनपर्यंत जावं लागे. ट्राम दारावरून जात असे. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, माटुंग्याची तमिळ वस्ती १९२०च्या दशकात भरत गेली. दुमजली घर, मधे मोकळी जागा, संडास घरात, रस्त्याला झाडं. गिरगावच्या चाळीतून दादरला येणाऱ्या मराठी कारकुनाला आणि मास्तराला हे निराळं जग होतं.

बसचा मार्ग एका सूचनेनं बदलता येतो. रूळ बदलता येत नाहीत. रूळ आहेत म्हणजे उद्याही ट्राम येणार, दहा वर्षांनीही येणार, या भरवशावर माणसं कर्ज काढून घर घेतात, हॉटेलवाला कोपऱ्यावरची जागा धरतो, शाळा उघडतात. दादरच्या पूर्वेचा रुबाब या भरवशावर उभा राहिला.

पण कोणासाठी? ट्रस्टच्या मूळ कल्पनेत उत्तरेकडच्या वसाहती शहरातली दाटी कमी करणार होत्या. दाटी होती गिरणी कामगारांची. जागा मिळाली मध्यमवर्गाला. तोवर तिकीट एक आण्यावर आलं होतं. तीन आण्यांच्या मानानं ते स्वस्त होतं आणि कामगारही सणासुदीला, चौपाटीला, नातेवाइकांकडे ट्रामनं जाऊ लागले. पण रोजच्या रोज, भाड्याच्या वर, घरातल्या दोन-तीन कमावत्या माणसांसाठी तो एक आणाही जड होता. परळच्या चाळीसमोरून ट्राम जायची आणि चाळीतला माणूस गिरणीत पायी जायचा.

आणखी एक देणं मुंबईच्या बाहेर फेडलं जात होतं. वाडीबंदरच्या कोळशावरच्या विजेपेक्षा घाटातल्या पाण्याची वीज स्वस्त पडू लागली. १९१५ साली टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. पुढे कंपनी टाटांची वीज घेऊ लागली आणि १९२५पर्यंत स्वतःची वीजनिर्मिती तिनं सोडूनच दिली. विजेची भूक भागवायला टाटांनी मुळशीत धरण बांधायला घेतलं. मावळातली पन्नासएक गावं त्याच्या पाण्याखाली जाणार होती. एप्रिल १९२१मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे ही त्यातली ठळक नावं. भाताची खाचरं गेली, धरण झालं. ती वीज मुख्यतः गिरण्यांसाठी आणि रेल्वेसाठी होती, हे खरं. पण मुंबईच्या ट्रामची तार त्याच टाटांच्या विजेवर चालत होती. ट्रामच्या आठवणींत समुद्र येतो, मुळशी कधी येत नाही.

सप्टेंबर १९२०मध्ये दुमजली ट्राम आली, कारण सकाळ-संध्याकाळची गर्दी एका मजल्यात मावेना. ट्रामच्या वैभवाचा हा कळस, आणि तिचे प्रतिस्पर्धी त्याच दशकात जन्मले. ३ फेब्रुवारी १९२५ला बोरीबंदर ते कुर्ला विजेची लोकल धावली. १५ जुलै १९२६ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस, तीही 'बेस्ट'चीच. लांबचा प्रवासी लोकलनं नेला, लहान मार्गांचा बसनं. तरी ट्राम आणखी चाळीस वर्षं टिकली. ती सर्वांत स्वस्त होती, एवढं त्याला पुरेसं आहे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई फुगली आणि मोटारी वाढल्या. रस्त्याच्या मधोमध चालणारी, बाजूला होता न येणारी ट्राम वाहतुकीला अडथळा ठरली. ज्या स्थिरपणामुळे दादर वसलं तो आता गुन्हा झाला. एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. रस्ता अडत होता तो साठ-सत्तर माणसं नेणाऱ्या ट्राममुळे, की एक-दोन माणसं नेणाऱ्या मोटारींमुळे? हा प्रश्न तेव्हा फारसा विचारला जात नव्हता. मद्रासची ट्राम १९५३ला गेली, दिल्लीची १९६३ला. मुंबईत एकेक मार्ग बंद होत बोरीबंदर ते दादर एवढाच उरला. मधल्या काळात १९६२ साली गवालिया टँक ते माझगाव डॉक अशी विजेच्या तारांवर, पण रबरी चाकांवर चालणारी ट्रॉली बस आणून पाहिली. ती १९७१पर्यंत रखडली. ३१ मार्च १९६४च्या रात्री दहाच्या सुमारास शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला निघाली. आत मुंगी शिरायला जागा नव्हती आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना लोक निरोप द्यायला उभे होते.

कलकत्त्यानं ट्राम ठेवली. तिथला पहिला प्रयोग १८७३चा, म्हणजे मुंबईच्या आदला, आणि तो काही महिन्यांत बंद पडला होता. तरी शेवटी तग धरला तो त्याच शहरानं. २०२४मध्ये पश्चिम बंगाल सरकारनं एक छोटा हौशी मार्ग सोडून बाकी ट्राम बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. कारण पुन्हा तेच: रस्ता अडतो.

मुंबईत २०१७च्या सुमाराला फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीसाठी खणताना डांबराखाली जुने ट्रामचे रूळ सापडले. काढायचा खर्च वाचावा म्हणून बऱ्याच ठिकाणी ते पुरूनच टाकले होते. त्या भागात आता जमिनीखालून मेट्रो ३ जाते. हुतात्मा चौक, काळबादेवी, गिरगाव अशी तिची स्टेशनं आहेत. काळबादेवी-गिरगावात ती बांधताना जुन्या इमारती पाडल्या गेल्या आणि तिथल्या भाडेकरूंनी पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं हेलपाटे घातले. ऑक्टोबर २०२५पासून ती आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण मार्गावर धावते आहे. तिकीट दहा रुपयांपासून आहे आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सत्तर रुपये. जाऊन-येऊन एकशे चाळीस, आणि महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ३,६४० रुपये. फोर्टातल्या कचेऱ्यांत झाडू मारणाऱ्या, चहा देणाऱ्या, पहाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या माणसांच्या पगाराशेजारी हा आकडा मांडून पाहावा.